घोरता घोरता श्वास थांबतो तेव्हा

प्रश्न: माझे मिस्टर ५१ वर्षांचे आहेत. आम्ही इंदूरला सुदामानगरात राहतो, ते पीथमपूरच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. घोरणं लग्नापासूनचंच आहे, पण गेल्या वर्षभरात ते घोरता घोरता एकदम गप्प होतात आणि मग गुदमरल्यासारखा मोठा श्वास घेतात. सकाळी डोकं जड असतं, दिवसभर थकवा. ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत तरी प्रेशर हवं तसं उतरत नाही. परवा राजीव गांधी चौराह्यावर सिग्नलला गाडी उभी होती, तेवढ्यात त्यांचा डोळा लागला. सासूबाई म्हणतात, राबणारा माणूस घोरणारच. दीर म्हणतात, नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून टाका. पुतण्यानं मोबाईलवर हनुवटीला बांधायचा पट्टा शोधून ठेवलाय. पुढच्या महिन्यात यांचं हर्नियाचं ऑपरेशनही ठरलंय. हे नुसतं घोरणं आहे की आजार? आणि आजार असेल तर जन्मभर मशीन लावून झोपायचं का?

उत्तर: ताई, आधी सरळ उत्तर देते, कारणं मागाहून. तुम्ही लिहिलंय ते नुसतं घोरणं वाटत नाही. झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचा जो आजार आहे, ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया, तो असण्याची शक्यता दाट आहे. खात्री तपासणीनंच होईल. पण तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत एक गोष्ट आजपासून बंद करा: त्यांनी स्वतः गाडी चालवत पीथमपूरला जायचं नाही. कंपनीची बस असेल तर बस, नाहीतर एखाद्या सहकाऱ्याच्या शेजारी बसून. उभ्या गाडीत डोळा लागणाऱ्या माणसाचा चालत्या गाडीतही लागतो, आणि राऊच्या पुढे ट्रकांची काय गर्दी असते हे तुम्हाला माहीत आहे. उपचार न घेतलेल्या अशा चालकांचे अपघात इतरांच्या दुप्पट-अडीचपट होतात, हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे.

आता हे होतं कसं ते. टाळूपासून स्वरयंत्रापर्यंतचा घशाचा भाग हाडाच्या आधाराशिवाय असतो. जागेपणी तिथले स्नायू ताणलेले असतात म्हणून वाट उघडी राहते. झोप लागली की ते सैल पडतात, जीभ मागे सरकते, पडजीभ आणि मऊ टाळू फडफडायला लागतात. ती फडफड म्हणजे घोरणं. काहींच्या घशात वाट मुळात अरुंद असते. तिथे श्वास ओढताना, उसाच्या रसातली भिजलेली कागदी नळी ओढल्यावर चपटी होते तशा घशाच्या भिंती चिकटतात आणि हवा जाणंच बंद होतं. आवाज थांबतो तो याच क्षणी. घरच्यांना वाटतं, चला, आता शांत झोप लागली. प्रत्यक्षात छाती आणि पोट हवेसाठी झटत असतात, पण आत काही जात नसतं. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू धोका ओळखून झोप क्षणभर मोडतो, स्नायू ताणले जातात, घसा फुसकन उघडतो आणि तुम्हाला तो मोठा श्वास ऐकू येतो. पुन्हा झोप, पुन्हा तेच.

असा श्वास निदान दहा सेकंद थांबला तर तो मोजला जातो. आजार जोरात असेल तर हे थांबे तीस-चाळीस सेकंदांचे, कधी मिनिटभराचेही असतात आणि रात्रीतून शेकड्यानं होतात. माणसाला सकाळी यातलं काहीही आठवत नाही. त्यामुळे ‘मी मस्त झोपलो होतो’ हे यांचं म्हणणं खोटं नसतं, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोगही नसतो. या आजारात साक्षीदार शेजारी झोपणारा असतो. म्हणूनच माझ्या ओपीडीत मी रुग्णापेक्षा त्याच्या बायकोला जास्त प्रश्न विचारते. कितीतरी जणांचं पहिलं निदान तर इंदूर-पुणे गाडीत समोरच्या बर्थवरच्या प्रवाशांनी केलेलं असतं, तेही वैतागून.

साधं घोरणं आणि हे घोरणं यांत फरक आवाजाच्या मोठेपणाचा नाही. भिंतीपलीकडे ऐकू जाईल इतका घोरणारा माणूस निरोगी असू शकतो आणि हळू आवाजात घोरणाऱ्याचा ऑक्सिजन रात्रभर खाली-वर होत असू शकतो. लय ऐका. साधं घोरणं बऱ्यापैकी एकसुरी असतं, सर्दीत, दमणुकीच्या दिवशी, दोन पेग झाल्यावर वाढतं, कुशीवर वळलं की कमी होतं, आणि माणूस सकाळी ताजातवाना उठतो. दुसऱ्या प्रकारात आवाज चढत जातो, मध्येच तुटतो, काही सेकंद काहीच नाही, मग फुरफुर करत किंवा ठसका लागल्यासारखा श्वास, हातापायाची हालचाल, कूस बदलणं. आणि हे कधीतरी नाही, जवळजवळ रोज.

मोबाईलवर व्हिडिओ काढा. फक्त आवाज रेकॉर्ड करू नका, छाती आणि पोट दिसेल असं बाजूनं धरा, खोलीत थोडा उजेड ठेवा. पहिल्या तासाभरात काढून ‘काही दिसलं नाही’ म्हणून सोडू नका. स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल असतात, त्यामुळे पहाटे तीन-चारनंतर आणि उताणं झोपलेलं असताना खरा प्रकार दिसतो. पाच मिनिटांचा असा व्हिडिओ डॉक्टरला अर्ध्या तासाच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो.

दिवसाची लक्षणं लोक या आजाराशी जोडतच नाहीत. सकाळी तोंड कोरडं, डोकं जड, चिडचिड, विसरभोळेपणा, शरीरसंबंधांतली ओढ कमी होणं, या प्रत्येकाला घरात वेगळं कारण तयार असतं. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं हे तर हमखास साखरेच्या नाहीतर प्रोस्टेटच्या खात्यावर टाकलं जातं. खरं म्हणजे बंद घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत उलटा दाब तयार होतो, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीराला वाटतं पाणी जास्त झालंय, आणि लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. उपचार सुरू झाल्यावर ‘आता रात्री उठावं लागत नाही’ हे मला ‘घोरणं थांबलं’च्या आधी ऐकायला मिळतं.

झोपाळूपणा मोजायला एपवर्थ नावाची प्रश्नावली आहे, मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली. आठ प्रसंग, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, दहाच्या वर गेलं तर झोपाळूपणा नेहमीपेक्षा जास्त. दुपारच्या जेवणानंतर शांत बसलं असताना पेंग येते का, हाही त्यातला एक प्रसंग आहे. आता रविवारी दाल-बाफले खाऊन ज्याला पेंग येत नाही असा माणूस माळव्यात मी पाहिलेला नाही, तेव्हा त्या एका उत्तरावर मी फार जात नाही. पण आठवा प्रसंग कोणता आहे ठाऊक आहे? रहदारीत गाडी काही मिनिटं उभी असताना. तुमच्या मिस्टरांनी तो प्रत्यक्ष करून दाखवला आहे. उलट हेही लक्षात ठेवा की या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना दिवसा झोप येतच नाही, नुसता थकवा असतो किंवा तोही नसतो. झोप येत नाही म्हणून आजार नाही, असा हिशेब चालत नाही.

रक्तदाबाचं म्हणाल तर निरोगी माणसाचा दाब रात्री दहा-वीस टक्क्यांनी उतरतो. ज्याचा श्वास तासाला तीस वेळा अडतो त्याच्या शरीरात प्रत्येक वेळी अ‍ॅड्रेनलिनची एक लाट येते, त्यामुळे दाब उतरायला उसंतच मिळत नाही. लघवीच्या गोळीसह तीन औषधं पूर्ण मात्रेत देऊनही दाब न आटोपणाऱ्या रुग्णांमध्ये हा आजार फार मोठ्या प्रमाणात सापडतो. हृदयाचे अनियमित ठोके, पक्षाघात, मधुमेह यांच्याशीही त्याचं नातं आहे. म्हणून दुसरी गोळी वाढवून तिसरी लिहिण्याआधी ‘घोरता का?’ हा प्रश्न विचारायला हवा. फार कमी ठिकाणी विचारला जातो.

भूलतज्ज्ञ वापरतात ती स्टॉप-बँग नावाची यादी तुम्ही घरी बसून भरू शकता. मोठ्यानं घोरणं, दिवसा थकवा, कुणी श्वास थांबताना पाहिलेला असणं, रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा) ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर, आणि पुरुष असणं. प्रत्येकाला एक गुण. पाच किंवा जास्त म्हणजे धोका मोठा. तुमच्या पत्रावरूनच सहा गुण होतात, मान आणि वजन मोजायच्या आधी. मान शिवणकामाच्या टेपनं मोजून ठेवा.

वजनाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे डॉक्टरही घाई करतात. वजन हे मोठं कारण आहेच. मानेत आणि जिभेत चरबी साठते, वाट अरुंद होते. पण आपल्याकडे बीएमआय २४-२५ असलेल्या माणसालाही हा आजार सापडतो, कारण लहान, मागे सरकलेला खालचा जबडा आणि दाटीवाटीचा घसा आशियाई चेहऱ्यात बराच आढळतो. ‘आधी वजन कमी करून या, मग बघू’ असं सांगून ज्याला परत पाठवलं तो सहा महिन्यांनी तेवढ्याच वजनाचा, पण जास्त झोपाळू होऊन येतो. दिवसभर पेंगणाऱ्या माणसाकडून व्यायाम होत नाही, अपुऱ्या झोपेनं भूक वाढते. दोन्ही गोष्टी एकत्रच सुरू कराव्या लागतात. थायरॉइडची तपासणी मात्र करून घ्या, ते मंद असेल तरी असंच चित्र दिसतं.

सासूबाईंना सांगा की राबणारा माणूस दमून घोरू शकतो, पण राबल्यानं श्वास थांबत नाही. आणि त्या स्वतः घोरत असतील तर त्यांचीही चौकशी करा. बायकांमध्ये हा आजार पाळी गेल्यानंतर झपाट्यानं वाढतो आणि वेगळ्या तोंडवळ्यानं येतो. ‘रात्री झोपच लागत नाही’, ‘अंग मोडून येतं’, ‘मन उदास असतं’. याला टेन्शन म्हणतात, रक्त कमी आहे म्हणतात, झोपेची गोळी देतात. शेजारी नवरा ढाराढूर झोपलेला असल्यामुळे साक्षीदारही नसतो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये भारतातले अभ्यास एकत्र करून अंदाज मांडला की प्रौढांपैकी सुमारे ११ टक्के, म्हणजे दहा कोटींहून जास्त लोकांना हा आजार आहे. पुरुषांत १३ टक्के, बायकांत पाच. बायकांच्या आकड्यामागे न सांगितलेल्या बऱ्याच रात्री असणार असं माझं मत आहे.

आपल्या शहराच्या सवयीही यात हातभार लावतात. सराफ्यातला खाण्याचा बाजार रात्री बाराला रंगात येतो, गराडू आणि जिलेबी खाऊन एकला अंथरुणावर पडायचं आणि सहाला उठायचं. भरल्या पोटी आडवं झाल्यावर आम्लपित्त घशापर्यंत येतं, झोपही पुरत नाही. दारू घशाचे स्नायू आणखी सैल करते, झोपेच्या काही गोळ्याही तेच करतात. त्यामुळे घोरणाऱ्या माणसानं ‘झोप लागत नाही’ म्हणून परस्पर गोळी घेणं धोक्याचं आहे. अफू पिकते त्या मंदसौर-नीमच भागातून येणाऱ्या रुग्णांना मी अफू घेता का हे आवर्जून विचारते. अफूनं नुसता घसाच सैल पडत नाही, तर श्वास घ्यायची मेंदूची आज्ञाच मंदावते, तो या आजाराचा वेगळा आणि वाईट प्रकार आहे. तुमच्या मिस्टरांना रात्रपाळी असेल तर तीही डॉक्टरांना सांगा. पाळीमुळे येणारी झोप आणि आजारामुळे येणारी झोप एकमेकींत मिसळतात.

तपासणीकडे येते. दाखवायचं छातीविकारतज्ज्ञ किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञांना, मात्र झोपेच्या आजारांचं काम करणाऱ्यांना, एवढं आधी फोनवर विचारून घ्या. कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर दिवसा बोटाला लावून ‘९८ आहे, सगळं ठीक’ म्हणू नका. जागेपणी तो ९८ च असतो. हातातलं घड्याळ झोपेचे रंगीत आलेख दाखवतं, त्यावरून संशय घ्यायला हरकत नाही, निदान करू नका.

स्लीप स्टडी दोन प्रकारे होते. एक रात्र लॅबमध्ये झोपून, डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला, छातीला आणि पायांना तारा लावून, शिवाय नाकाजवळ हवेचा प्रवाह, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिमीटर. दुसरी घरच्या पलंगावर, मोजक्याच तारांची. तुमच्या मिस्टरांसारखं चित्र स्पष्ट असेल तर घरची तपासणी पुरते आणि स्वस्तही पडते. हृदय कमजोर असेल, फुप्फुसाचा जुना आजार असेल, पक्षाघात झालेला असेल तर लॅबच हवी. घरचं यंत्र माणूस नेमका किती वेळ झोपला हे ओळखत नाही, सगळ्या रात्रीनं भागाकार करतं, त्यामुळे आकडा कमी येऊ शकतो. लक्षणं ठळक आणि घरचा रिपोर्ट चांगला, असं झालं तर ‘सुटलो’ म्हणू नका, लॅबमध्ये परत करा. रात्रपाळीच्या आठवड्यात तपासणी ठेवू नका. ‘तारा लावून झोप लागेल का’ ही भीती सगळ्यांना असते. लागते. हिशेबापुरती नक्की लागते.

रिपोर्टमध्ये एएचआय नावाचा आकडा असतो, म्हणजे तासाला सरासरी किती वेळा श्वास अडला किंवा बराच मंदावला. पाचच्या खाली ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर तीव्र. मी त्याबरोबर आणखी दोन आकडे बघते: ऑक्सिजन सर्वांत खाली कुठवर गेला आणि ९० च्या खाली एकूण किती वेळ होता. एकाच एएचआयची दोन माणसं या दोन आकड्यांत फार वेगळी निघतात.

दिरांच्या नाकाच्या हाडाबद्दल. वाकडं हाड इतक्या लोकांना असतं की शोधलं की सापडतंच. पण अडथळा नाकात नसतो, त्याच्या खाली घशात असतो. नुसतं नाकाचं ऑपरेशन करून श्वास थांबणं थांबत नाही, आणि ते झाल्यावरही घोरणं तसंच राहिल्यामुळे वैतागून माझ्याकडे आलेले लोक कमी नाहीत. नाक खरोखरच बंद असेल तर ते मोकळं केल्यानं पुढे मशीनचा मास्क सहन होतो, हा फायदा खरा आहे. टॉन्सिल प्रचंड असतील तर शस्त्रक्रियेचा विचार आधी करतात. टाळूच्या आणि घशाच्या शस्त्रक्रियांचे निकाल माणसागणिक बदलतात, त्यामुळे तपासणीआधी कुणी तारीख देत असेल तर दुसरं मत घ्या.

पुतण्याचा पट्टा परत पाठवा. हनुवटी बांधणं काय किंवा रील्सवर दाखवतात तसं तोंडाला टेप चिकटवून झोपणं काय, ज्याचा घसा मिटतोय आणि कदाचित नाकही पूर्ण उघडं नाही त्याचं तोंड बंद करणं मला मान्य नाही. शिवाय अशा वस्तूंनी आवाज दबतो आणि आजार आत चालूच राहतो. मग घरात कुणी तक्रारही करत नाही.

मध्यम आणि तीव्र आजारात पहिला उपचार म्हणजे सीपॅप. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये तो प्रथम वापरला. खोलीतलीच हवा ठरावीक दाबानं मास्कमधून येते आणि घसा आतून उघडा धरून ठेवते. कोरोनानंतर इथे एक गैरसमज घट्ट बसलाय की मशीन लागलं म्हणजे माणूस व्हेंटिलेटरवर गेला. तसं काही नाही. यात ऑक्सिजन नसतो, श्वास तुमचा तुम्हीच घेता, मशीन फक्त वाट मोकळी ठेवतं. वीज गेली तर मास्क काढून टाकायचा. झोपेत कळलंच नाही तरी मास्कला हवा जायला जागा ठेवलेली असते.

पहिले दोन आठवडे कटकटीचे असतात हे मी आधीच सांगते, कारण दुकानदार सांगत नाही. मास्क गळतो, तोंड कोरडं पडतं, बंदिस्त वाटतं. उपाय साधे आहेत. संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचं, म्हणजे सवय होते. ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा दमट करणाऱ्या मशीनच्या टाकीत, नळाचं नर्मदेचं पाणी नको, डिस्टिल्ड घाला, नाहीतर महिन्याभरात क्षार बसतात. मास्कची गादी रोज सौम्य साबणानं धुवा. भरघोस मिशा असतील तर नाकपुडीत बसणारा मास्क बघा. मशीनच्या कंपनीपेक्षा मास्क चेहऱ्याला बसतो का यावर सगळं ठरतं, म्हणून विकत घेण्याआधी काही दिवस भाड्यानं वापरून बघा. चांगलं ऑटो, म्हणजे दाब आपोआप कमी-जास्त करणारं, मशीन साधारण तीस-चाळीस हजारांपासून पुढे मिळतं. कुणाचं वापरलेलं मशीन स्वस्तात मिळतंय म्हणून घेऊ नका. २०२१ मध्ये आतला फोम झिजून कण हवेत येतात म्हणून जगभर लाखो मशीन परत मागवली होती, आणि जुन्या बाजारात त्यांतलं कोणतं फिरतंय हे तुम्हाला कळणार नाही.

मशीनकडून अपेक्षा किती ठेवायची? दिवसाची झोप, डोकेदुखी, रात्रीचं उठणं, चिडचिड, घरच्यांची झोप, या गोष्टी बहुतेकांच्या नीट होतात, काहींच्या तर पहिल्याच आठवड्यात. रक्तदाब थोडाच उतरतो, दोन-तीन अंकांनी, दाब आटोक्यात नसणाऱ्यांचा जरा जास्त. म्हणून गोळ्या स्वतःहून बंद करायच्या नाहीत. हार्ट अटॅक टळेल अशी हमी देऊन मी मशीन लिहीत नाही. २०१६ मध्ये हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या २,७०० हून अधिक रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात सीपॅपनं पुढचे झटके कमी झाले नाहीत. पण त्या लोकांनी मशीन रात्री सरासरी साडेतीन तासही लावलेलं नव्हतं. तेव्हा अर्धी रात्र लावून उरलेल्या झोपेत घसा मिटू द्यायचा, याला मी उपचार म्हणत नाही. जितकी झोप तितका वेळ मास्क.

आणि मशीन जन्मभर लावायचं का? आजाराचं मूळ कारण आहे तोवर. मशीन लावल्यानं आजार बरा होत नाही. वजन दहा टक्क्यांनी घटलं तर एएचआय साधारण पाव हिश्श्यानं उतरतो, त्यामुळे सौम्य किंवा मध्यम आजारात काही जण खरोखर मशीनमधून सुटतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइड या इंजेक्शनला लठ्ठपणासह मध्यम ते तीव्र आजार असलेल्यांसाठी मान्यता दिली. आपल्याकडेही ते वजन आणि मधुमेहासाठी मिळतं, पण जिमवाल्याच्या सल्ल्यानं घ्यायची ती गोष्ट नाही. आजार सौम्य असेल किंवा मशीन अजिबात सोसत नसेल तर प्रशिक्षित दंतवैद्य खालचा जबडा जरा पुढे धरणारं साधन करून देतात. फक्त उताणं झोपल्यावर त्रास होत असेल तर बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवायची जुनी युक्ती अजून चालते. शंख वाजवण्याबद्दल हल्ली फार विचारतात. जयपूरच्या डॉक्टरांनी २०२५ मध्ये तीस रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, सहा महिने शंख वाजवणाऱ्यांची झोप सुधारली आणि एएचआय थोडा उतरला. घशाच्या स्नायूंचा व्यायाम म्हणून जरूर वाजवा. तीस माणसांच्या अभ्यासावर तीव्र आजाराचं मशीन मात्र बाजूला ठेवू नका.

तुम्ही विचारलं नाही तरी लिहिते: घरात लहान मूल रोज घोरत असेल, तोंड उघडं टाकून झोपत असेल, मोठं झाल्यावर पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं असेल, तर ते गोड दिसतं म्हणून हसू नका. मुलं पेंगत नाहीत, उलट चुळबुळी आणि हट्टी होतात आणि शाळेतून तक्रारी येतात. तिथे कारण बहुधा टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड (नाकाच्या मागच्या बाजूची गाठ) असतं, आणि मोठ्यांपेक्षा शस्त्रक्रियेचा गुण फार चांगला येतो.

आता हर्निया. ही गोष्ट सर्जनना उद्याच कळवा. भूल आणि त्यानंतरची वेदनाशामकं, विशेषतः अफूवर्गातली, घसा सैल करतात आणि जाग येण्याची क्षमताही कमी करतात. निदान न झालेल्या रुग्णाला धोका असतो तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या एक-दोन रात्री, वॉर्डात सगळे झोपलेले असताना. साधा, न दुखणारा हर्निया घाईचा नसतो. सर्जन आणि भूलतज्ज्ञांशी बोलून आधी स्लीप स्टडी करा, लागलंच तर दोन-तीन आठवडे मशीनची सवय होऊ द्या आणि मग तारीख घ्या. हर्नियासाठी बऱ्याचदा कमरेतून भूल देता येते, तो पर्याय विचारा. मशीन आणि मास्क हॉस्पिटलात बरोबर न्या, रिपोर्टची प्रत फाइलमध्ये वर लावा, आणि रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवायला सांगा. मधल्या काळात गाठ एकाएकी कडक झाली, आत ढकलली जाईना, दुखायला लागली किंवा उलट्या सुरू झाल्या तर मात्र झोपेच्या तपासणीची वाट बघायची नाही. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा, आणि तिथल्या भूलतज्ज्ञांना पहिलं वाक्य हेच सांगा, की यांचा झोपेत श्वास थांबतो.